शालनताईचे आडवे डबे

शालनताई, तुझ्या गच्चीवर घाण वास सुटलाय. मेल्या उंदराचा नव्हे, गटाराचा नव्हे. सडलेल्या कंदांचा. आधी गोडसर येतो, मग कुजक्या कांद्यासारखा, आणि नंतर जेवताना घास तोंडाशी नेला की आपल्याच बोटांना येतो. माझ्या बोटांना तो कालपासून आहे. साबण झाला, लिंबू झालं, हळद चोळून झाली. जात नाही. मला शिसारी आलीय, आणि ती नुसती वासाची नाही. त्यात तुझा मुलगा आला, तुझी नणंद आली, चौकात फ्लेक्स लावणारी पोरं आली, मी आले. रागावू नकोस, थोडी तूही आलीस.

इतकी वर्षं तुला ‘अहो ताई’ म्हणत आले. तू घरमालकीण, वयानं मोठी, आणि मी बाहेरगावची. तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही, पण ते अहो-जाहो आता तोंडातून निघत नाही. भांडायचंय मला तुझ्याशी. तुम्ही-तुम्ही करून कुठं धड भांडता येतं?

आधी फ्लेक्सचं सांगते. दुसऱ्याच दिवशी आपल्या सूस गावच्या चौकात लागला. तुझा रापलेला रंग त्यांनी पार धुऊन टाकलाय, क्रीमच्या जाहिरातीतली बाई दिसतेस. कपाळावरचं गोंदण गायब. पाठीमागे कुठल्या तरी परदेशातलं ट्युलिपचं शेत, लाल-पिवळे पट्टे, आणि त्या शेतात तू डोक्यावर पदर घेऊन उभी. खाली ‘शोकाकुल’ म्हणून वीसेक फोटो. निम्म्यांनी गॉगल घातलेत आणि तिघं-चौघं चक्क हसतायत. यातल्या एकानं तरी तुझ्या हातची भाकरी खाल्ली असेल का, असं मी शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, फ्लेक्स चांगला मोठा केलाय की.” मी दूध घेतलं आणि घरी आले.

मी बार्शीहून इथं आले तेव्हा तुझी जमीन आधीच सोसायट्यांखाली गेली होती. उरलं होतं ते घर, घरावर भाड्याच्या खोल्या आणि खोल्यांवर गच्ची. मला सगळ्यात वरची खोली मिळाली. माझं काम हिंजवडीच्या बाजूला, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं. “दुसऱ्याच्या चुका काडायचा पगार मिळतुया हिला,” असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस. मी तुझी ‘बार्शीवाली’.

पहिल्याच हिवाळ्यात मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि पाहिलं, तर सोलरच्या पट्ट्यांखाली सावलीत रंगाचे चाळीसेक रिकामे डबे आडवे पडलेले. इथं आजूबाजूला एवढी बांधकामं, रंगाच्या डब्यांना काय तोटा! आतली माती दगडासारखी, पानं वाळून काठाला चिकटलेली. मला वाटलं, वाऱ्यानं पडले असतील, बाईला वयानं होत नसेल. रविवार होता. मी सगळे डबे उभे केले, बादल्या भरभरून पाणी घातलं आणि कौतुक करून घ्यायला तुझ्या दारात येऊन उभी राहिले.

तू पीठ मळत होतीस. तशीच पिठाच्या हातानं जिना चढलीस. “कुनी सांगितलं हुतं तुला? आं? झोपल्यालं मानूस दिसलं की त्येच्या तोंडावर तांब्या वततीस व्हय?”

मग दिवसभर आपण दोघी डबे उपसत बसलो. एकेक कंद काढला, पुसला, बंबाच्या राखेत घोळवला आणि गोणपाटावर पसरला. मी रडकुंडीला आले होते. तू मात्र शिव्या देता देता मला शिकवत होतीस. लाल लिलीला तू भोंगे म्हणायचीस, कारण फूल देवळावरच्या भोंग्यासारखं. दुसरी ती फुटबॉल लिली, तिला चेंडू. दिवाळी झाली की पाणी तोडायचं. पानं पिवळी पडू द्यायची, ओढायची नाहीत. मग डबा आडवा करायचा, म्हणजे आत दव साचत नाही आणि माझ्यासारखी एखादी शहाणी तांब्या घेऊन आली तरी पाणी आत जात नाही. शिवरात्रीच्या सुमाराला मातीतून कोंबाचं नाक वर आलं की डबा उभा. चैत्रात भोंगे, वैशाखात चेंडू.

हे कंद आले कुठून तेही त्याच दिवशी कळलं. तुझं माहेर मुठा गावचं. तिथं तुमच्या ओढ्याकाठच्या जमिनीवर कुणाचा तरी शनिवार-रविवारचा बंगला झाला. त्यांच्या माळ्यानं पानं वाळलेली बघितली, झाडं मेली असं ठरवलं आणि सगळे कंद कुंपणाबाहेर फेकले. तू भावाकडे गेली होतीस. ओटी भरून आणल्यासारखे पदरात घालून आणलेस. “वाळलं म्हंजी मेलं व्हय? ह्या लोकास्नी कोन सांगंल?” एवढंच म्हणालीस.

मला कुणी तरी काही तरी शिकवावं अशी माझी इच्छा नव्हती, वय पण नव्हतं. पण त्या गच्चीवर मी शिकले, आणि सूसमध्ये माझं म्हणून जे काही झालं ते तिथंच झालं. ऑफिसातून डोकं भणाणून यायचं, तेव्हा तू तांदळाचं धुवण एकेका डब्यात ओतत असायचीस आणि मला न बघताच म्हणायचीस, “बस. कुनाची चूक काडली आज?” याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत कुठं होती!

मी शहाणपणा मात्र सोडला नाही. एका वर्षी ट्युलिपचे कंद मागवले आणि सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवले. तू कोथिंबीर मागायला आलीस आणि पिशवी बघून हसत सुटलीस. “फुलाला थंडी वाजाय पायजेल म्हनून फिरीज? त्यापरीस तूच जा की काश्मीरला!” एकच फूल आलं, बोटभर दांड्याचं, मान वाकडी. दुसऱ्या दिवशी दुपारी पाकळ्या गळून पडल्या. पुढं कितीतरी दिवस तू विचारायचीस, “पावना गेला का गं?” चौकातल्या फ्लेक्सवर तुला त्याच ट्युलिपमध्ये उभी केलीय हे तू बघितलं असतंस तर हसून हसून बसकण मारली असतीस. मी एकटी किती हसणार?

आता ते भांडण. या दिवाळीनंतरचं. माझं म्हणणं, कंद दरवर्षी काढावेत, मोठे वेगळे, पिल्लं वेगळी, कागदात गुंडाळून नावं घालून ठेवावेत. तुझं म्हणणं, डब्यातच निजू द्यावेत. “दर वरसाला पांघरून वडून बघायचं का, जित्तं हाय का मेलं म्हनून? धीर न्हाई तुझ्यात.” खरं तर हे रोजचंच. पण त्या दिवशी ऑफिसात माझं काही तरी बिनसलं होतं, आणि मी जिन्यात, खालच्या मजल्यावरच्या मुलींसमोर, तुला म्हणाले, “ताई, अडाणीपणा आहे हा सगळा.”

 आत गेलीस. दार लावलं नाहीस, नुसती आत गेलीस. त्यानंतर मी बारा दिवस तुझ्या दारावरून मुद्दाम चपला वाजवत गेले. तूच आधी बोलावंस म्हणून. तुझं पोट दुखतंय हे मला त्या मुलींनी सांगितलं. उद्या जाईन म्हटलं. त्या ‘उद्या’लाच तुला ॲम्ब्युलन्समधून नेलं, ऑपरेशन झालं, आणि तीन दिवसांनी तुला घरी आणलं ते झाकूनच. माझी मला किळस येते ती या बारा दिवसांची. त्या चपलांच्या आवाजाची.

दशक्रियेला मी घाटावर आले होते. तुमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात हे मला माहीत होतं, पण तुझ्या दहाव्याला होतील असं वाटलं नव्हतं. एकानं तुला ‘माउली’ केलं, दुसऱ्यानं ‘आधारवड’, तिसऱ्यानं तुझं नाव ‘शालिनीताई’ घेतलं आणि शेवटपर्यंत तेच घेत राहिला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं. मग पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. तासभर झाला. ऊन वर आलं. लोक घड्याळं बघायला लागले, दोघं-तिघं मोबाइल धरून उभे, कावळा आला की शूटिंग करायला. एकेक जण पुढं होऊन तुला वचन देत होता. घर एकत्र ठेवू. नातीचं शिक्षण करू. कावळा तिकडं बाभळीवर.

तुझ्या नणंदेनं तुझ्या मुलाला, संदीपला, कोपरानं ढोसलं. “आरं, तिच्या डब्यांचं बोल की! त्येच्यातच जीव हुता तिचा.”

तुझा संदीप पुढं झाला. हात जोडले. सगळ्यांनी, मोबाइलवाल्यांनीसुद्धा, डोळे मिटले. “आये, तुझ्या डब्यांना मी रोज पानी घालीन. येक दिस खाडा करनार न्हाई.” आणि लोक ओरडले, “शिवला! शिवला!”

आता ऐक. मी डोळे मिटले नव्हते. संदीपनं तोंड उघडायच्या आधीच तो कावळा खाली उतरला होता. भातात चोच घालून झाली होती त्याची. तो डब्यांसाठी आला नाही, संदीपसाठी आला नाही. भूक लागली म्हणून आला असेल, किंवा तुझ्या मनात काही तरी वेगळंच असेल, मला काय ठाऊक. पण हे मी एकटीनं पाहिलं, आणि मी काही बोलले नाही. ‘अरे, ते कंद झोपलेत, पाणी घातलंस तर सडतील’ एवढं वाक्य होतं. चार माणसांत भाडेकरणीनं काय बोलायचं म्हणून गप्प बसले. जिन्यात तुला अडाणी म्हणताना माझी जीभ कशी चुरूचुरू चालली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी संदीप वर आला. त्याचे पाण्याचे टँकर अख्ख्या सूसला पाणी पुरवतात, पण तू होतीस तोवर त्यानं त्या डब्यांना कधी तांब्याभर घातलं नाही. “डबडी भंगारात घाल,” म्हणायचा. आता पाइप घेऊन आला. आडवे पडलेले डबे बघून त्याला वाईट वाटलं असणार. एकेक डबा उभा केला, पुसला, हळद-कुंकू लावलं आणि काठोकाठ भरला. मी दारातून बघत होते. 

तिसऱ्या दिवशी मी त्याला जिन्यात गाठलं. सांगितलं, पाणी नको घालू. तो म्हणाला, “मॅडम, शब्द दिलाय. कावळा शिवलाय.” मी म्हटलं, कंद सडतील. तो म्हणाला, “पान्यानं कुटं झाड मरतंय व्हय?” पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्या नणंदेला सांगून पाहिलं तर ती मलाच म्हणाली, “म्येलेल्या मानसाला दिल्याला शब्द मोडाय सांगतीस? तुझ्या गावाकडं आसंच करत्यात का?” तोंडात पानाचा तोबरा, आणि हे बोलताना खालच्या अंगणात पिंक. मी वर निघून आले. आठवड्यात चिलटं झाली. मग वास.

काल दुपारी संदीप टँकरवर गेला असं बघून मी खुरपं आणि वर्तमानपत्रं घेऊन वर गेले. चोरून. पहिला डबा उपडा केला आणि हात घातला. भोंग्याचा मूठभर कंद असायला हवा होता, हाताला लागला चिखल. नुसता लगदा, पांढरा, बुळबुळीत, बोटांमधून गळणारा, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात वरून टणक वाटला, दाबला तर अंगठा आत गेला. मी तिथंच कठड्यापाशी जाऊन ओकले. त्या क्षणी मला सगळ्यांचा तिटकारा आला, शालनताई. आयुष्यभर दुर्लक्ष करायचं आणि मेल्यावर पाइप लावायचा. जिवंत माणसाला काय हवंय ते विचारायचं नाही आणि कावळ्याला विचारायचं. हेच मी मोठ्यानं बोलत होते बहुतेक, कारण मागं वळले तर जिन्याच्या तोंडाशी संदीप उभा.

मला वाटलं, आता खोली सोडा म्हणेल. म्हणालाच असता तर मी घाटावरचं सांगून टाकणार होते. कावळा आधीच शिवला होता, तुझ्या वचनाला काडीची किंमत नव्हती, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. त्यानं मला डिवचावं असं मला वाटत होतं.

तो आला, डब्यापाशी उकिडवा बसला. लगद्यात बोट घातलं. 

“हे पान्यानं झालं?”

“हो.”

“आईनं मला हे कवा सांगितलंच न्हाई.”

“तू कधी विचारलंस?”

“न्हाई इचारलं,” तो म्हणाला. मग मातीकडंच बघत बोलायला लागला. “आप्रेशन झाल्यावर तीन दिस पानी मागत हुती. डाक्टर म्हनले, थेंब द्यायचा न्हाई. मी निस्ता वला कापूस व्हटाला लावायचो. ती कापूस चोखायची वो मॅडम. न्हान पोरावानी. शेवटच्या दिवशी मला म्हनली, संदीप, गावाला पानी इकतूस, मला येक चमचा दे. मी भाईर निगून गेलो. परत आलो तवा...” त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. त्या बाहीला तोच वास लागला असणार.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं कुठं होतं मी तरी? बारा दिवस चपला वाजवत होते, आणि नंतरचे वीस-बावीस दिवस सगळ्यांच्या चुका काढत होते. पगार त्याचाच मिळतो ना मला.

कावळ्याचं वाक्य मी गिळलं. ते आता कधीच बाहेर येणार नाही.

मी त्याला माझ्या पहिल्या हिवाळ्याचं सांगितलं. मीही हेच केलं होतं, आणि तू पिठाच्या हातानं धावत आली होतीस, तेही. तो थोडा हसला. मग पुढच्या डब्यातला एक टणक कंद काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, अंगठ्यानं दाब. दबला नाही तर जिवंत. त्यानं एकेक कंद दाबून बघितला. इतक्या हलक्या हातानं, की टँकरचा पाना फिरवणारा हात तो हाच यावर विश्वास बसू नये. निम्मे गेले होते. निम्मे राहिले. आपण तेव्हा केलं तसंच केलं, पुसले, राखेत घोळवले.

सगळं झाल्यावर तो रिकाम्या डब्यांत माती परत भरायला लागला. मी म्हटलं, आता कशाला? खाली मान घालून म्हणाला, “डब्यांना पानी घालीन म्हनलोय. आत काय आसावं ते न्हाई बोललो.”

तुझ्यावर चिडायचं माझं अजून राहिलंय. हे सगळं तू मला शिकवलंस, एका भाडेकरणीला, आणि पोटच्या पोराला नाही. त्यानं विचारलं नाही हे खरं, पण मी तरी कुठं विचारलं होतं? मला तर तू शिव्या देऊन शिकवलंस. त्याला चार शिव्या द्यायला काय झालं होतं तुला? आणि अडाणी म्हटल्यावर मला एक का नाही हासडलीस? आत का निघून गेलीस? मी उघड्या दारात येऊन ‘चुकले’ म्हटलं असतं. कदाचित नसतंही म्हटलं. तू मला ओळखायचीस.

कंद माझ्या खोलीत आहेत, कपाटाच्या वर, कोरड्या बाजूला, वर्तमानपत्रावर पसरलेले. मोठे वेगळे, पिल्लं वेगळी. म्हणजे माझंच खरं झालं. मला नको होतं असं खरं व्हायला. शिवरात्रीला नाकं वर आली की संदीपला हाक मारीन. किती खोल लावायचे, मान बाहेर कशी ठेवायची, सगळं सांगीन. शिव्यांसकट.

आज सकाळी साडेसहाला तो आला. पाइप लावला. चाळीस डबे, नुसत्या मातीचे, एकही न गाळता. गच्चीची फरशी फुटकी आहे, इतके दिवस मुरलेलं पाणी आता माझ्या छतातून उतरायला लागलंय. पलंगाच्या पायथ्याशी थेंब पडतो. नळ जरा ठिबकला तरी तुझ्याकडे तक्रार घेऊन येणारी बाई मी. पलंग सरकवला, खाली पातेलं ठेवलं. वरून त्याचा आवाज येत होता, “घे आये, घे,” असं प्रत्येक डब्याशी म्हणत होता. पातेलं भरलं की मी ओतून देते. त्याला काही सांगत नाही.